सोळाव्या भागानंतरची व्यवस्था

मी, श्रीमती लीला अच्युत मोहरील, वय वर्षे एकोणसत्तर, राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार अशोका गार्डन, भोपाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुरावा लागलाच तर ‘समुद्राकडची खिडकी’ या कोरियन मालिकेत कोण कुठे काय बोललं, ते मी न अडखळता सांगू शकते. शेवटच्या भागाबद्दल मात्र जपून विचारावं, माझं ब्लडप्रेशर वाढतं.

कलम १. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे त्या बाबतीत रद्द करण्यासारखं काही नाही. रद्द करायचं आहे ते माझ्या तोंडचं एक वाक्य. ते कलम ६ मध्ये येईल.

कलम २. राहत्या घराचा खालचा मजला मुलगा कौस्तुभ व सून मानसी यांना मिळावा. दोघं मला नीट सांभाळतात. टीव्ही मात्र मानसीच्या एकटीचा. हिंदी आवाज कुठून लावायचा हे तिने मला न वैतागता चार वेळा शिकवलं. कौस्तुभला त्यावर क्रिकेट बघायचं असेल तर त्याने तिला विचारावं.

कलम ३. बँकेतली ठेव मुलगी क्षितिजा आणि कौस्तुभ यांना निम्मी निम्मी. यात चर्चेला जागा नाही.

कलम ४. माझे दीर सदाशिवराव “वहिनी, या वयात कोरियन?” असं चारचौघांत म्हणून हसले, आणि नंतर चहाच्या निमित्ताने येऊन नवव्या भागापासून एकही चुकवला नाही. त्यांना जुना रिमोट द्यावा, बॅटरी काढून.

कलम ५. कपाटात ‘भाग सोळा : असमाधानकारक शेवट’ अशी फाईल आहे. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी खुलासा. सो-योन ही सूप विकणाऱ्या बाईची मुलगी. डॉक्टर हान तिच्यासाठी पावसात उभा राहिला, नोकरी सोडली, बाराव्या भागात लग्न केलं. आणि सोळाव्या भागात ही पोरगी टेबलावर चिठ्ठी ठेवून एका बॅगेनिशी बसमध्ये बसली. भांडण नाही, आजार नाही, दुसरी बाई नाही. वर्षभराने कुठल्याशा गावात स्वतःच्या छोट्या दुकानात एकटी गरम सूप पिते आणि हसते. संपलं. मी चॅनेलला रीतसर पत्र लिहिलं, तीन स्मरणपत्रं पाठवली. उत्तर आलं, “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.” चौतीस वर्षं मी स्वतः अशी उत्तरं टाईप केली आहेत, त्यामुळे त्याचा अर्थ मला कळतो.

ही फाईल माझी शेजारीण शोभा हिला द्यायची होती. तिला तो शेवट योग्य वाटला आणि त्यावरून आमचा दीड महिना अबोला होता. पण ती या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्या नावे काही न ठेवलेलं बरं असा वकिलांचा सल्ला पडला. म्हणून फाईल आणि तिची नजर असलेलं पितळी पातेलं, दोन्ही मी आजच तिच्या घरी पोचवलं.

कलम ६. क्षितिजा इंदूरला असते. आम्ही दर रविवारी दुपारी फोन स्पीकरवर ठेवून एकाच वेळी एकच भाग बघायचो, ती तिथे, मी इथे. सोळावा भाग संपल्यावर मी इतकी चिडले होते की म्हणाले, “सोन्यासारखा माणूस टाकून निघाली. असली मुलगी माझ्या दारात आली, तर मी दार उघडणार नाही.”

ती म्हणाली, “बरं आई. ठेवते.”

तिने नवऱ्याचं, गौरांगचं, घर सोडून तेव्हा बारा दिवस झाले होते. भाग संपला की मला सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. हे मला तीन महिन्यांनी मानसीकडून कळलं. “आई, ताई तुम्हाला सांगणार कशी? तुम्ही तर पहलेच दरवाजा बंद करून टाकला,” ती म्हणाली. मी फोन केले. क्षितिजा औषधं विचारते, हवापाणी विचारते आणि ठेवते. गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामाने ती भोपाळला आली, तेव्हा एम. पी. नगरच्या हॉटेलात दोन दिवस राहिली. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. याचं मला फार वाईट वाटलं, आणि दोष माझाच आहे.

शोभा म्हणाली होती, “लीला, उगीच झगडू नको. ती पोरगी पंधरा भागांत एकदा तरी गरम जेवली का, ते बघ.” मी कागद-पेन घेऊन पंधराही भाग पुन्हा पाहिले. एकदाही नाही. सगळ्यांना वाढते, डॉक्टर छान छान बोलतो, आणि तिचं ताट गार होतं. मग मला आमच्या घरची गेल्या वर्षीची दिवाळी आठवली. जावई सासूच्या हातच्या चकल्यांचं कौतुक करत होते, आणि क्षितिजा सगळ्यांच्या मागून स्वयंपाकघरात उभ्याने जेवली होती. ते मी पाहिलं होतं आणि काही विचारलं नव्हतं.

तरी तो शेवट मला अजूनही आवडलेला नाही. कारण बदललं आहे, एवढंच. मुलगी बसमध्ये बसली तेव्हा ती सूपवाली आई कुठे होती? शेवटच्या भागात तिला दाखवलीच नाही.

सबब, दार न उघडण्याचं माझं वाक्य मी या कागदाने पूर्णतः रद्द करते.

कलम ७. वरची खोली, गच्चीसह, क्षितिजाची. अच्युतच्या हत्यारांची पेटीही तिचीच. कौस्तुभ बल्ब बदलायला माणूस बोलावतो, हिने दहावीत मिक्सर दुरुस्त केला होता. ती का आली, किती दिवस राहणार, हे घरातल्या कोणीही विचारू नये. माझ्यासकट. जेवायला तिला पहिल्या पंगतीत बसवावं.

कलम ८. मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होतं, असं वकील उदय यांनी मला दोनदा समजावलं. मी ऐकून घेतलं. परंतु शेवटच्या भागापर्यंत थांबून काय हाती लागतं ते मी पाहिलेलं आहे. म्हणून बाकी कलमं कायद्याप्रमाणे चालोत, कलम ६ आणि ७ आजपासून लागू.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

लीला अच्युत मोहरील

साक्षीदार :
१. शोभा देवतळे, शेजारीण (शेवट बरोबर होता या मतावर कायम)
२. उदय खानझोडे, वकील (मालिका पाहिलेली नाही)

स्थळ : भोपाळ
दिनांक : सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रत : क्षितिजा, इंदूर, यांना स्पीड पोस्टाने, माहिती व तात्काळ कार्यवाहीसाठी.
सोबत : पुढच्या दाराची किल्ली, एक नग. बाबांनी कानशीने घासलेली आहे, दार किंचित वर उचलून फिरवावी.