नाकारलेले नऊ

३ मार्च २००७, शनिवार
हे शक्यच नाही! तीनदा करून पाहिलं. उत्तर तेच.

मैत्रीण लताची मुलगी आसावरी सकाळी फाइल घेऊन आली. माझ्या डोळ्यांसमोर इथल्या अल्फारेटा गावात वाढलेली पोर, आता ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या बाजूनं कोर्टात उभी राहते. तिचा अशील डॅरिल. एकोणीस वर्षांचा, काळा. दुकान फोडल्याचा आरोप, साक्षीदार एकच. ज्यूरीनं दोषी ठरवलं, जजनं दहा वर्षं ठोकली. "मावशी, तू औषधांच्या ट्रायल्सचे आकडे तपासतेस ना? मग या ज्यूरीचे तपास."

ज्यूरी ज्यातून निवडायची त्या पॅनेलवर तीस माणसं. दोन्ही बाजूंना कारण न सांगता नऊ-नऊ जण नाकारता येतात, उरलेले बारा ज्यूरीत बसतात. तिसांत दहा काळे. आणि सरकारी वकिलानं नाकारलेल्या नऊपैकी आठ काळे! निव्वळ योगायोगानं असं पंधरा हजारांत एकदा व्हावं. आमच्याकडे औषधांच्या चाचण्यांत योगायोगाची शक्यता विसांत एकदा म्हटलं तरी लोक खुर्चीत सावरून बसतात. रंग बघून नाकारणं बेकायदा, आणि हे भर कोर्टात, न्यायाधीशासमोर! कुणीच कसं बोललं नाही?

४ मार्च
आकडा ऐकून आसावरी फोनवर आनंदानं किंचाळलीच. नवा खटला मिळावा म्हणून अर्ज केलाय, तीस तारखेला सुनावणी. मी साक्ष द्यायची.

प्रल्हादला सांगितलं, तर नवरोजी पेपरातून मान वर न करता म्हणतात, "नसती उठाठेव. पोलिसांनी काय उगाच धरलं असेल त्याला?" असं कडाडून भांडले!

१० मार्च
रिपोर्ट संपत आला होता. निव्वळ सवयीनं दुसरी बाजूही तपासली — आसावरीनं नाकारलेले नऊ.

अरे देवा.

तिसांत चार भारतीय आडनावं होती. चारही तिनं उडवलेली. हेही योगायोगानं दोनशेत एकदाच. पोरीला काय म्हणू आता?

११ मार्च
गेले तिच्याकडे. "आसावरी, पटेल, राव, अय्यर, कुलकर्णी — काय बिघडवलं होतं गं यांनी तुझं?"

लाजेल, गडबडेल वाटलं होतं. छे! "मावशी, प्लीज. तुम्हा लोकांच्या लिव्हिंग रूममध्ये वाढलेय मी. इंडियन अंकल्स कन्व्हिक्ट करतात. एव्हरी टाइम. दे ट्रस्ट द पोलीस."

"अगं, तो सरकारी वकीलही मनात हेच म्हणत असेल ना! चेहरा बघायचा आणि ठरवायचं!"

"डॅरिल इज अ किड, अँड ही इज इन प्रिझन, मावशी. रिपोर्टमध्ये ते घालू नकोस."

संताप संताप झाला. पण गाडीत बसल्यावर प्रल्हादचं वाक्य आठवलं — "पोलिसांनी काय उगाच धरलं असेल त्याला?" घालावं तर डॅरिलचा अर्ज बारगळायचा. न घालावं तर शपथ घेऊन अर्धंच खरं सांगायचं.

१७ मार्च
दोन्ही तक्ते घातले. मला अर्धा रिपोर्ट लिहिता येत नाही, बास.

१९ मार्च
आसावरी फोन उचलत नाही. लताचा मात्र आला — "माझ्या पोरीची नोकरी घालवतेस का गं?" पंचवीस वर्षांची मैत्रीण! फोन ठेवून रडले.

२९ मार्च
उद्या. एकोणीस वर्षांच्या पोराची दहा वर्षं. माझ्यामुळे अर्ज फेटाळला गेला तर?

३० मार्च
मिळाला! नवा खटला मिळाला! जजनं आसावरीलाही भरपूर सुनावलं. म्हणाले, तुमचं वागणंही चूकच, पण त्यानं सरकारची चूक धुतली जात नाही. ती खाली मान घालून उभी होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाहेर डॅरिलच्या आईनं मला घट्ट मिठी मारली. रडत होती. म्हणाली, "माझ्या मुलानं ते केलेलं नाही, यावर तुम्ही विश्वास ठेवलात."

महिनाभर त्याची फाइल माझ्या टेबलावर होती. त्यानं ते केलं नसेल, असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. एकदाही नाही!