भिंतीकडे फिरवलेली कळशी

नंदाखाल,
८ ऑक्टोबर १९७८

ती. स्व. उर्सुलाबाय हिस,
धाकटा भाऊ फेबियन याचा सा. न. वि. वि.

तुझ्या शाळेचा कॅमेरा फादर ऑगस्टीन रांचीहून परतताना घेऊन आले. पेटी उघडायच्या आधी मी तीनदा हात धुतले. कॅथरिन म्हणाली, लग्नात मंगळसूत्र घालतानासुद्धा तुम्ही एवढे धुतले नव्हते. बायकोची जीभ तुला ठाऊक आहेच.

तुला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. तुझा डावा डोळा गेला, आता उजव्याचं ऑपरेशन जानेवारीच्या दहा तारखेला आहे आणि डॉक्टर कसलाच भरवसा देत नाहीत, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. त्याआधी आईची पडवी आणि तिची भांडीकुंडी एकदा बघायची आहे असं तू लिहिलंस. आईच्या मातीला आली होतीस, त्याला सत्तावीस वर्षं झाली. आता प्रवास झेपत नाही, म्हणून फोटो. पण बाय, मी चौथी शिकलेला केळीवाला. हे यंत्र मोडलं तर तुझ्या मठात काय सांगशील?

तरी एक रोळ काढला. टेबलावर जाळीचं कापड घातलं, मधे प्लास्टिकचे गुलाब, दोन बाजूंना मेणबत्त्या. केळ्यांना खोबरेल चोळलं. पितळ चिंचेने घासून घासून कॅथरिनची बोटं सोलली. बारापैकी चारच फोटो आले, तेही धूर धरल्यासारखे. आगाशीचा फोटोवाला युजीन म्हणाला की स्वयंपाकघरात काळोख होता, शिवाय तुम्ही हललात. चारही पाठवतो आहे. रागावू नकोस. डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? कोण घालतं?

तुझी माया आजवर होती तशी असू दे.
तुझा,
फेबियन


रांची,
२४ ऑक्टोबर १९७८

चि. फेबियन यास,
उर्सुलाचे अनेक आशीर्वाद.

फोटो भिंगाखाली धरून पाहिले. माझी पत्रं वाचून दाखवणाऱ्या सिस्टर ॲनीने विचारलं, हे कुठल्या चर्चचं अल्तार? मी सांगितलं की ते आमचं जेवणाचं टेबल आहे, तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. अरे, तू बिशपना जेवायला बोलावलं होतंस का?

वाईट वाटून घेऊ नकोस. मी तीस वर्षं मुलींना चित्रकला शिकवली. नवी मुलगी पहिल्या दिवशी हेच करते. वस्तू पुसून रांगेत उभ्या करते आणि मग त्या बिचाऱ्या हजेरीला उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.

आता मी सांगते तसं कर. सगळं मागच्या पडवीत आण. सकाळी आठला ऊन अंगणात असतं आणि पडवीत नुसता उजेड येतो. तो एका अंगाने पडू दे. दुसऱ्या अंगाला फार काळोख झाला तर पांढरी चादर टांग. पेटीत एक छोटी काच आहे, ती कॅमेऱ्याच्या पुढे लाव, म्हणजे दोन हातांवरून स्पष्ट येईल. अंतर सुतळीने मोज. कॅमेरा हातात धरू नकोस, कशावर तरी टेकव. आणि उभ्याने वरून बघू नकोस. आई पाटावर बसून बघायची, तसा बस.

सगळ्यात मुख्य म्हणजे वस्तू आधी वापर. वाल सोल, पान लाव, सुकेळीचं, आपल्या वाळवलेल्या केळ्यांचं, बांधलेलं पान सोडून एक खा. मग जे जिथे पडलं असेल ते तिथेच राहू दे. माणूस आत्ताच उठून आत गेलंय, येईलच, असं वाटलं पाहिजे.

आणि आईची तांब्याची कळशी कुठे आहे? तिच्यावाचून ती पडवी आपली वाटत नाही.

कॅथरिनच्या बोटांना खोबरेल लाव, केळ्यांना नको.
तुझी,
उर्सुलाबाय


नंदाखाल,
१९ नोव्हेंबर १९७८

ती. स्व. उर्सुलाबाय हिस,
फेबियनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात ठेवून दुसरा रोळ काढला. सुतळीला गाठ मारून अंतर धरलं. कॅमेरा उलट्या टोपलीवर ठेवला. पाटावर बसलो तेव्हा गुडघ्यांनी असा आवाज केला की मला वाटलं कॅमेराच वाजला.

कॅथरिन नवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून वाल सोलायला बसली. फोटोत फक्त सूप आणि साली येणार हे कळल्यावर ती ताडकन उठून आत गेली. लुगडं बदलूनच बाहेर आली. सूप तिरकं तसंच राहिलं, साली जमिनीवर. मी कशालाही हात लावला नाही, कारण हात लावायची भीतीच वाटली. तोच फोटो युजीनने दुकानात सगळ्यांना दाखवला. म्हणाला, अंकल, इथे कोणी तरी बसलं होतं हे कळतं.

कळशीही ठेवली आहे, सुपाच्या मागे. बरी आली आहे. आणखी जवळून नको, असं मला वाटतं.

रांचीत थंडी पडली असेल. पायांत मोजे घाल. ऑपरेशन करणारा डॉक्टर वयाने किती आहे? फार तरुण असला तर मला काळजी वाटते, फार म्हातारा असला तरीही.

आमची आठवण रोजच्या रोझरीत राहू दे.
तुझा,
फेबियन


रांची,
५ डिसेंबर १९७८

चि. फेबियन यास,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास. सुपाचा फोटो पाहून वालाचा वास आला. सालीची कड कशी वळली आहे तेसुद्धा दिसलं. माझ्या कुठल्याच विद्यार्थिनीने दोन रोळांत एवढं केलं नसतं. कॅथरिनला सांग की तिच्या रागावण्यामुळे फोटो जिवंत झाला, तेव्हा तिने अधूनमधून रागवावं.

पण कळशीकडे मी तासभर बघत होते. तिच्या पोटावर मोठा पोचा होता, तो कुठे गेला? ही तर कुणाच्याही घरातली कळशी वाटते. तू पोचा भिंतीकडे फिरवलास का? फोटो चांगला दिसावा म्हणून केलं असशील, पण त्याने बिघडलं. ती वळव, पोचा उजेडाच्या बाजूला येऊ दे, आणि एकटीचा एक फोटो काढ. डोळा रोज थोडा थोडा धूसर होतो आहे. जानेवारीच्या दहा तारखेच्या आत मला ती बघू दे.

वाट बघते.
तुझी,
उर्सुलाबाय


नंदाखाल,
१७ डिसेंबर १९७८

ती. स्व. उर्सुलाबाय हिस,
फेबियनचा सा. न. वि. वि.

हे पत्र सिस्टर ॲनीकडे देऊ नकोस. जमेल तेवढं भिंगाने स्वतः वाच. अक्षर आणखी मोठं काढलं आहे.

कळशी मी फोटोसाठी फिरवली नव्हती. ती नेहमी तशीच असते. त्रेपन्न वर्षं मीच ती भिंतीकडे पोचा करून ठेवतो. घासायला घेतली की कॅथरिन कशीही ठेवते, मी जाऊन परत वळवतो. तिला वाटतं ही माझी म्हातारपणाची खोड आहे.

तुला तेरावं होतं, मला नववं. पाणी आणायला आईने तुला पाठवलं होतं. बावीवर मी हट्टाने तुझ्या हातून भरलेली कळशी ओढून घेतली आणि खालच्या दगडावर टाकली. आईने विचारलं कोणी टाकली, तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू एक शब्द बोलली नाहीस. आईने तुला फोकाने मारलं, आणि पुढच्या आठवड्यात गिरीजला मावशीकडे कामाला धाडून दिलं. त्यानंतर तू या घरात राहायला आलीच नाहीस. तिथूनच मठात गेलीस, मठातून इतक्या लांब. माझ्या एका बोटामुळे तुझं घर सुटलं. आईला सांगायचं राहिलं. तुला सांगायला तर धीरच झाला नाही. पापनिवेदनात फादरना सांगितलं, पण पोचा काही फादरनी भोगला नव्हता.

काल सकाळी कळशी वळवली आणि पाटावर बसलो. डोळे पुसून बटण दाबलं. हललो असेन तर माफ कर. युजीनने त्याच संध्याकाळी फोटो धुऊन दिला. नाताळात टपाल तुंबतं, दहा तारखेच्या आत पोचेल की नाही या काळजीने झोप नाही.

माया ठेवशील का, हे आज विचारून लिहितो.
तुझा,
फेबियन


रांची,
४ जानेवारी १९७९

माझ्या फेबियन,

ओळी वाकड्या येतील. माझ्याच हाताने लिहिते आहे.

फोटो काल आला. खिडकीपाशी नेला. हललेला नाही. पोच्यात उजेड असा थांबला आहे, जसं ओंजळीत पाणी. सगळी पडवी दिसली, आईसुद्धा दिसली.

राग होता का? होता. दोन महिने होता, तुझं नावसुद्धा घेत नव्हते. मग मावशीने मला शाळेत घातलं आणि तिथल्या बाईंनी माझ्या हातात रंगीत खडू दिले. नंदाखालला राहिले असते तर पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं असतं आणि मी जन्मभर बावीवर पाणी काढलं असतं. मला जे मिळालं ते सगळं त्या पोच्यातून मिळालं. आणि आता या वयात पाटावर बसून तू मला माझं घर दाखवलंस. कोणी कोणाचे आभार मानायचे ते तूच ठरव.

आता डॉक्टरांनी काय करायचं ते करावं. मी बघून घेतलं आहे.

तुझी बाय


नंदाखाल,
११ फेब्रुवारी १९७९

ती. स्व. उर्सुलाबाय हिस,
फेबियनचा सा. न. वि. वि.

सिस्टर ॲनी यांचं कार्ड मिळालं. हे पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं तरी चालेल. ऑपरेशननंतर तुला उजेड आणि काळोख कळतो, माणूस आलं गेलं कळतं, अक्षर आणि चेहरा मात्र नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. मी देवळात जाऊन बसलो. जेवढं राहिलं त्याबद्दल आभार मानले. जे गेलं त्याबद्दल थोडा भांडलोही.

तुला आता फोटो पाठवून उपयोग नाही. फादर ऑगस्टीन पुन्हा तिकडे निघाले आहेत. त्यांच्याबरोबर कॅमेरा परत करतो आहे, आणि कळशी पाठवतो आहे. आत सुकेळी भरली आहेत, वरून केळीची पानं गुंडाळली आहेत. मठाच्या नियमाप्रमाणे तुला स्वतःची वस्तू ठेवता येत नसेल तर ती मठाची म्हणून ठेवावी, पण तुझ्या खाटेजवळ. सिस्टर ॲनी, पोचा बायच्या हाताच्या बाजूला राहील असं बघावं. चिंचेने फार घासू नये.

कॅथरिन म्हणाली, पडवी ओकीबोकी झाली. मी बघायला गेलो तर कळशीच्या जागी शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक गोल डाग होता, आणि वालाचे दोन दाणे. सकाळचे आठ वाजले होते. नंतर घातलेल्या रोळात एक फोटो उरला होता. कशालाही हात न लावता मी पाटावर बसलो आणि तो काढला.

तो मी माझ्याजवळ ठेवला आहे. त्यात मला तू दिसतेस, कळशी घेऊन पाण्याला नुकतीच बाहेर पडलेली.

मोजे घालत जा. तुझी माया मिळाली आहे, ती आता मागत नाही.
तुझा,
फेबियन