हॉलंडच्या साहेबांसाठी उच्च इंग्रजी

४ डिसेंबर १९९८
निर्णय झाला. साधं इंग्रजी बंद. 'गुड', 'नाइस', 'व्हेरी' हे शब्द आजपासून वापरायचे नाहीत. जानेवारीत हॉलंडच्या कंपनीचे साहेब राजुरीच्या द्राक्षबागा बघायला येणार. पसंत पडल्या तर सगळ्या गावचा माल थेट परदेशी. स्वागताचं भाषण मीच करणार. अजून कुणी विचारलेलं नाही. विचारतील.

६ डिसेंबर
नारायणगावच्या बाजारात जुनं पुस्तक मिळालं. इंग्रजीतले दुर्मिळ शब्द आणि वाक्प्रचार. अर्थ शेवटच्या पानांवर होते, ती पानं फाटलीत. हरकत नाही. भाषा म्हणजे शेवटी लॉजिक.

९ डिसेंबर
रोज वीस शब्द पाठ करायचे. आज दोन. लाइट गेली.
जेवताना इंद्रायणीला म्हटलं, आमटी 'मॅग्नॅनिमस' झालीय. तिने विचारलं, मीठ कमी पडलं का? बायकोला शिकवायला वेळ नाही.

१७ डिसेंबर
वाक्प्रचार सोपे आहेत. 'स्मेल अ रॅट'. म्हणजे उंदराचा वास येणे. उंदीर कुठे असतात? जिथे कणगी भरलेली असते तिथे. अर्थ: भरभराट दिसणे. फाटक्या पानांची गरजच नव्हती.

२ जानेवारी १९९९
'कोल्ड फीट'. दिवसभर बागेत उन्हातान्हात राबून पाय गार पाण्यात सोडले की जे वाटतं ते. समाधान.
'पुल युवर लेग'. पाय धरणे, म्हणजे पाया पडणे. इंग्रज लोकांतही ही पद्धत असेल असं वाटलं नव्हतं. संस्कार सगळीकडे सारखेच.

१० जानेवारी
बागायतदारांची मीटिंग. फवारणीच्या औषधांचे दुकानवाले कांतीलालशेठ म्हणाले, कंपनीला मी गावात आणलंय, तर कृपा करून वेलकम, थँक्यू आणि हातात घड, एवढंच ठेवा. माझे वडील, गेणभाऊ आबा, म्हणाले, "चांगदेव, लई बोलू नको. साहेबाला घड चाखू दे, त्याला कळतंय." मग भाषण कोण करणार असं विचारल्यावर सगळे खाली बघायला लागले. एकमताने मी.

१९ जानेवारी, संध्याकाळ
इतिहास घडला.
साहेब उंच, लालबुंद. बागा बघून खूश होते. मान डोलवत होते, वहीत लिहीत होते. मग मी उभा राहिलो. म्हणालो, "सर, आय स्मेल अ रॅट इन युवर कंपनी." साहेबांचं लिहिणं थांबलं. म्हटलं, पकड बसली. पुढे म्हणालो, "अवर फार्मर्स हॅव कोल्ड फीट अबाउट युवर काँट्रॅक्ट." शेवट हात जोडून, "बिफोर यू गो, वुई विल ऑल पुल युवर लेग."
टाळ्या फक्त आपल्या लोकांच्या. साहेब सुन्न. अशी भाषा खेड्यात ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं नसणार. "थँक यू फॉर युवर ऑनेस्टी," म्हणाले आणि चहा न घेता गाडीकडे निघाले. मी पाया पडायला वाकलो तर दोन पावलं मागे सरकले. विनम्र माणूस.

२६ जानेवारी
कंपनीकडून निरोप नाही. मोठ्या कंपन्या विचार करून उत्तर देतात.

२ फेब्रुवारी
कांतीलालशेठ घरी आले. बसले नाहीत. पुण्याच्या ऑफिसातून फोन आला होता. म्हणाले, "चांगदेवराव, तुम्ही साहेबांना सांगितलं, तुमच्या कंपनीत घोटाळ्याचा वास येतोय. आमच्या शेतकऱ्यांचं अवसान गळालंय, ते माघार घेणार. आणि जाण्याआधी आम्ही सगळे मिळून तुमची टिंगल करू."
मी म्हटलं, पुस्तकाची आवृत्ती जुनी असेल. ते दाराकडे वळले. जाता जाता सांगितलं, काँट्रॅक्ट शेजारच्या निमगाव सावाला गेलं. तिथल्या लोकांनी फक्त 'वेलकम' म्हटलं होतं.

३ फेब्रुवारी
बागेत जाऊन आलो. घड भरलेत, मणी पिवळसर दिसायला लागलेत. ते कुणासाठी थांबणार नाहीत. आबा बोलत नाहीत. पाण्याची पाळीही मला न विचारता देतात. शेजारचे बागायतदार रस्त्यात दिसले की मीच वळण घेतो. पुस्तक माळ्यावर टाकलं. घडांकडे बघवत नाही. याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधावंसं वाटलं नाही.

९ फेब्रुवारी
आबांनी धावपळ करून मुंबईचे व्यापारी गाठले. परवा येणार. भाव कमी, पण माल जाईल. व्यापारी गुजराती आहेत. गुजराती अवघड नसावी. मी जेवताना तसं म्हटलं. आबांचा घास हातात राहिला. इंद्रायणी म्हणाली, "तुमी त्या दिवशी देवाला जाऊन या."

११ फेब्रुवारी, भीमाशंकर
दर्शन छान झालं. सगळे बागायतदार सकाळी मला एसटीत बसवून द्यायला आले होते. एवढा मान गावात कुणाला मिळत नाही. माझ्या तिकिटाचे पैसेही त्यांनीच कंडक्टरच्या हातात दिले. फक्त जाण्याचे. येण्याचे द्यायला गडबडीत विसरले असावेत.