उजवीकडच्या दाढा

आई, मला तुला उजव्या बाजूचं सांगायचं आहे. आज दुपारी तारनाक्याला दातांच्या डॉक्टरकडं जाऊन आले, तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलते आहे. घरी येऊन डाळीला फोडणी दिली तीही बोलता बोलताच. डाळ खारट झाली.

आधी तुझ्या नातीचं. ती दहा वर्षांची आहे. हिवाळ्यात तिची उजवीकडची खालची दुधाची दाढ पडली आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तरी त्या जागी काही उगवेना. ती जीभ घालून ती फट चाचपत बसायची आणि मी रोज रात्री तिचं तोंड उघडून बघायची. माझीही तीच बाजू. तिथं दाढा आल्या नाहीत, एक आली ती तांदळाच्या दाण्याएवढी, आणि पुढचा एक दात पुढं नोकरीत असताना, दातानं शेंग फोडताना हातातच आला. हे माझ्याकडून हिच्यात उतरलं असेल तर? कितीतरी महिने हा प्रश्न मी कुणापुढं काढला नाही.

डॉक्टर तरुण मुलगी आहे. अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढू म्हणाली तशी मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, हिला किरणं नकोत, मला लहानपणी दिली होती. तिनं विचारलं, कुठं, कितव्या वर्षी. मी गालाखाली हात ठेवला. चार वर्षांची होते, तिथं गाठ होती. "एमी कादु मॅडम," काही होत नाही, ती आधी तेलुगूत म्हणाली. "वो इलाज था, ये तो बस फोटो है. बहुत फरक है. पहले बच्ची का देखेंगे, फिर आपका."

पडद्यावर तुझ्या नातीचा जबडा आला. फटीच्या बरोबर खाली, हाडाच्या आत, एक दाढ जरा कलंडून बसली होती. बाकीच्याही आपापल्या जागी होत्या. "मम्मी, सगळे लाइनमध्ये हैं, हा एकटा झोपलाय!" पोरगी ओरडली. डॉक्टर हसून म्हणाली, "लेट-लतीफ है. आ जाएगा." मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. तो हातातच होता.

मग माझा फोटो. डावीकडच्या दाढांची मुळं लांब, हाडात घट्ट रोवलेली. उजवीकडं आखूड, टोकदार, आणि मध्ये मध्ये नुसतंच हाड. डॉक्टरनं पेनाच्या टोकानं दाखवत समजावलं. चौथ्या वर्षी मोठ्या दातांचे कोंब हाडाच्या आत नुकते धरत असतात. किरणं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात, किरणांना गाठ आणि कोंब सारखेच. जे कोंब धरायचे होते ते धरलेच नाहीत, जे अर्धे घडले होते ते लहान राहिले, मुळं जिथल्या तिथं थांबली. किरणं उजवीकडून दिली, म्हणून डावी बाजू वाचली. आणि हे लेकरांत उतरत नाही. फक्त त्या बाजूचा दात कधी काढायची वेळ आली तर आधी हे सांगायचं, तिथलं हाड लवकर भरून येत नाही.

किरणं उजवीकडून दिली. हे वाक्य ऐकलं आणि मला मलकपेठचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी आठ वर्षांची आहे, माझी दाढ तुझ्या तळहातावर आहे. शेजारच्या खाला दारात उभ्या आहेत. गाव सोडताना अण्णांनी आणि तू देव, उपास, नवस सगळं मागं ठेवलं होतं, रविवारी विहारात जायचं, बाकी काही नाही. तू दाढ पेपरात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलीस. "हौ! कचरे में?" खाला म्हणाल्या. "छत पे फेंकते, चूहा नया दाँत लाता. कैसी माँ है री!" तू म्हणालीस, "खाला, आमच्या घरात उंदराला कामावर ठेवत नाहीत."

काय हसलो होतो आपण. पण ती जागा रिकामीच राहिली. शाळेतल्या तपासणीत कॅल्शियम कमी म्हणाले, तू मला रागीची आंबील पाजून पाजून नकोसं केलंस. दवाखान्यात कुणी दातांचं बोललंच नव्हतं; तुला तेव्हा मी जगेन एवढंच ऐकायचं होतं. मग डावीकडची दाढ पडली. अण्णा ड्यूटीवर होते. तू मला गच्चीवर नेलंस, इकडंतिकडं बघितलंस आणि ती दाढ खालांच्या पत्र्यावर भिरकावलीस. टिण्ण आवाज झाला. "अण्णांना सांगू नको," म्हणालीस. आणि डावीकडं पांढरीशुभ्र, भक्कम दाढ आली.

त्या दिवसापासून तुझं थट्टा करणं कमी झालं. माझ्या वेणीला तेल लावताना तुझा हात उजव्या गालावर थांबायचा. शेवटच्या आजारात एकदा एवढंच म्हणालीस, "मी आपल्या हातानं कचऱ्यात टाकली गं." अण्णांना वाटलं, तापात बरळतेस. मला कळलं होतं. पण काय उत्तर द्यायचं ते माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. आई, पत्र्यावरची उगवली ती पत्र्यामुळं नाही. कचऱ्यातली गेली ती तुझ्यामुळं नाही. ती दाढ पडायच्या कितीतरी आधी, तू मला कडेवर घेऊन त्या मशीनपर्यंत नेलंस तेव्हाच ते ठरलं होतं. आणि तू नेलंस म्हणून तर आज मी डाळ खारट करायला आहे. त्या दिवशी खालांपुढं तू बरोबर होतीस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टेबलावर उघडं राहिलं तरी चालेल, तुझ्या नातीला मराठी धड वाचता येत नाही. आज संध्याकाळी तिची डावीकडची हलती दाढ पडली. मी ती तुझ्यासारखीच पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि झाकण लावलं. खिडकीतून पार्किंगच्या पत्र्याकडं मात्र एकदा बघितलं, तेवढं तुला सांगून ठेवते.