मोठ्या रिळातली राहून गेलेली चकती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धंदा समुद्रातल्या मासेमारीची रिळं दुरुस्त करणे, धक्क्यावर 'रीळबाई' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र आज दुपारी माझ्या दुकानातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. अक्षर वेडंवाकडं वाटलं तर ते म्हातारपणाने नव्हे, आनंदाने, याची नोंद घ्यावी. उद्या पहाटे मी एकवीस वर्षांनी खोल पाण्यात मासे धरायला जाणार आहे. लेकीने अट घातली, "आई, आधी मृत्युपत्र कर, मग कुठे जायचं तिथे जा." म्हणून ही घाई. मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही असं इथे लिहावं लागतं. मी लेकीच्या दबावाखाली लिहायला बसले आहे. काय लिहायचं ते मात्र माझं मी ठरवते आहे. समोर बसलेल्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, तरी हे वाक्य राहील.

कलम एक. घर, म्हणजे खालची दुकानाची खोली आणि वरच्या दोन खोल्या, लेकीला. दुकानाची खिडकी बुजवू नये. बारीक स्प्रिंग शोधायला तिच्यासारखा उजेड नाही. टेबलावरचा जस्ताचा पत्राही काढू नये. त्यावरचे डाग ग्रीसचे आहेत, घाणीचे नाहीत, हे मी लग्नापासून सांगत आले आहे.

कलम दोन. बँकेतली ठेव आणि माझ्या यजमानांचं मनगटी घड्याळ, हेही लेकीला. घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडतं. ते दुरुस्त करू नये. यजमानही तसेच होते.

कलम तीन. जावईबापूंचं सोनेरी रीळ त्यांनी परत न्यावं. ते माझ्या कपाटात पडून आहे, कारण तिसऱ्याच खेपेला फिरायचं थांबलं. मी विचारलं होतं, "काय बघून घेतलंत हो?" तर म्हणाले, "वेग बघितला, आई. एका फेऱ्यात सगळ्यात जास्त दोर गुंडाळतं." अहो, मोठा मासा खाली मान घालून बसला की वेगवान हँडल फिरता फिरत नाही. खोल पाण्यात ताकद लागते, वेग नव्हे. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, त्यात जावईबापू पहिले.

त्यांना मी माझं काळं, मधल्या आकाराचं रीळ देते. आडव्या फिरकीचं, गळाच्या दांडीच्या वर बसणारं, रूपाने ओबडधोबड, पण खारं पाणी पिऊन पचवलेलं. आणि पुढचं रीळ घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. दोन्ही बाजूंच्या तबकड्या अंगठ्यांनी दाबून बघा, चौकट लवली तर तिथेच खाली ठेवा. डोळे मिटून हँडल फिरवा, खरखर असेल तर बोटांना कळते. मग ब्रेक अर्धा आवळून दोर हाताने ओढा. ब्रेक म्हणजे हँडलमागची ती चांदणीच्या आकाराची चकरी. मासा जोर लावतो तेव्हा दोर तुटायच्या आधी सुटला पाहिजे, एवढ्यासाठी ती असते. सुटताना पहिला झटका बसला तर दुकानदार कितीही गोड बोलो, घेऊ नका. आणि आपली दांडी सोबत न्या, रीळ तिच्यावर बसवून बघा. नाकापेक्षा मोती जड झाला तर मनगट तासाभरात रडतं.

कलम चार. धक्क्याच्या तोंडाशी जो माणूस बोटी धुतो, तो लोकांच्या रिळांवरही तोच जोराचा फवारा मारतो. बाहेरचं मीठ आत ढकलतो आणि रीळ चकचकीत करून हातात देतो. महिन्याभराने तेच रीळ माझ्याकडे येतं, आतून हिरवं पडलेलं. वीस वर्षं सांगते आहे, पालथ्या घड्यावर पाणी. तरी त्याच्यावर राग नाही, माझं अर्धं गिऱ्हाईक त्यानेच पाठवलं. त्याला माझा निळा प्लॅस्टिकचा मग द्यावा. धुताना ब्रेक आवळायचा म्हणजे पाणी आत जात नाही. मगाने गोडं पाणी हलक्या हाताने ओतायचं, फडक्याने टिपायचं, सावलीत वाळवायचं. बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. आणि ठेवून देताना ब्रेक पुरता सैल करायचा. आवळून ठेवला तर आतल्या चकत्या एकमेकींना चिकटतात, मग मासा लागला की दोर सुटत नाही, तुटतो. हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात फार वेळा आणि फार मोठ्याने बोलले आहे. एकदा तर ते चुकीच्या माणसाला बोलले. ते कलम सहामध्ये येईल.

कलम पाच. सगळी हत्यारं, पक्कड, पाने, चिमटे, ग्रीसचे डबे, लेकीला. ती शाळेत गणित शिकवते, पण सुट्टीत माझ्यापेक्षा लवकर रीळ उघडते. हत्यारांबरोबर माझ्या वडिलांचा नियमही तिला देते. एका वेळी एकच रीळ उघडायचं. निघालेला प्रत्येक भाग पांढऱ्या फडक्यावर डावीकडून उजवीकडे मांडायचा, जोडताना उजवीकडून डावीकडे उचलायचा. फडकं रिकामं झाल्याशिवाय दुसऱ्या रिळाला हात लावायचा नाही. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक दारात नाचत असलं तरी नाचू दे.

कलम सहा. आता माझी कबुली. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात कबुली नसते. माझ्या मृत्युपत्रात आहे.

मला एक धाकटा भाऊ आहे. त्याला घरात खेकडा म्हणतात, कारण तो सरळ विचारलं की तिरकं उत्तर देतो. धक्क्यावर त्याची भाड्याने द्यायची बोट आहे. एकवीस वर्षांपूर्वीपर्यंत बोट त्याची आणि रिळं माझी, असा आमचा दोघांचा भागीचा धंदा होता. त्या वर्षी मोठ्या माशांच्या स्पर्धेत आम्ही दोघं उतरलो. वडिलांचं मोठं रीळ माझ्या दांडीवर होतं. दुपारी मासा लागला. आमच्या बोटीच्या निम्म्या लांबीचा असेल, त्याची पाठ आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिली. दोन्ही हात पसरून दहा-बारा वाव भरेल एवढा दोर झरझर सुटला, आणि रीळ जागच्या जागी अडकलं. दोर तुटला. मासा गेला.

मी तिथल्या तिथे म्हणाले, "तू ब्रेक आवळून ठेवलास." कारण रात्री रिळं बोटीवर ठेवायचं काम त्याचं. तो म्हणाला, "ताई, सैल करून ठेवला होता. आईशप्पथ." आयुष्यात पहिल्यांदा त्याने सरळ उत्तर दिलं आणि मी ते मानलं नाही. धक्क्यावर उतरून सगळ्यांदेखत सांगितलं की हा बोट चालवतो आणि याला ब्रेक सैल करायचं कळत नाही. लोकांना तेवढंच हवं होतं. आजही बोट भाड्याने घेणारे त्याला विचारतात, "काय खेकडेभाऊ, ब्रेक सैल आहे ना?" त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं. ते रीळ मी फडक्यात गुंडाळून कपाटात ढकललं आणि रागाने पुन्हा उघडलं नाही. परक्याचं ओलं रीळ मी एक दिवस तसं राहू देत नाही, आणि वडिलांचं एकवीस वर्षं तसंच ठेवलं.

परवा मोठे मासे आल्याची बातमी धक्क्यावरून आली. माझा धीर सुटला. म्हटलं, मरू दे तो राग, आणि रीळ उघडलं. ब्रेकमध्ये एक पत्र्याची, एक काळी जाड कापडासारखी, अशा आलटून पालटून सात चकत्या असतात. मी फडक्यावर मांडल्या. सहा भरल्या. पुन्हा मोजल्या. सहाच. मधली काळी चकती नव्हतीच. दोन पत्रे एकमेकांवर बसलेले, घासून घासून चरे पडलेले, आणि तिथेच जाम झालेले. ते रीळ वडिलांनंतर माझ्याखेरीज कोणी उघडलेलं नाही. मग आठवलं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी माझ्या टेबलावर एकदम पाच रिळं उघडी होती, त्यात हेही, कारण दारात गिऱ्हाईक नाचत होतं.

तेव्हा मी लिहून देते की चूक माझी. खेकड्याने ब्रेक सैल केला होता. आत मीच पाचर मारून ठेवली होती, त्याला तो तरी काय करणार.

हे कळल्यावर मला रडू आलं. पण खरं सांगते, त्याच्या आधी मी खुर्चीतून उठून दुकानात दोन गिरक्या घेतल्या. माझा भाऊ खोटं बोलला नव्हता. एकवीस वर्षं मला मासा गेल्याचं एवढं दुःख नव्हतं, जेवढं त्याने आईची खोटी शप्पथ घेतल्याचं होतं. त्याने घेतलीच नव्हती. मला इतका आनंद मासा धरूनसुद्धा झाला नसता.

कलम सात. वडिलांचं मोठं रीळ, नवीन चकत्या घालून, तेलपाणी करून, माझ्या धाकट्या भावाला.

इथे गाडं अडलं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक बर्फवाला, म्हणजे शेजारच्या बर्फाच्या कारखान्याचा मालक, दुपारपासून माझा चहा पीत बसला आहे. दुसरी सही मला भावाची हवी. वकीलबाई म्हणाल्या, "जमणार नाही. जो साक्षीदार, त्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही तरी, नाहीतर रीळ तरी."

म्हणून कलम सहाची नक्कल करून मी लेकीला धक्क्यावर धाडलं आहे. निरोप असा: मामाला म्हणावं, रीळ हवं असेल तर येऊ नको, ते तुझ्या नावावर आहेच. सही करायची असेल तर ये. आणि उद्या मी खोल पाण्यात जाणार असं वर लिहिलं आहे, पण कोणाच्या बोटीतून ते अजून ठरलेलं नाही. धक्क्यावर बोटी पुष्कळ आहेत. मला एकच हवी आहे. तो आला नाही तर मी जाणार नाही. पडले तरी नाक वर, अशी माझी ख्याती, म्हणून हे आधी लिहिलं नव्हतं.

तीन वाजून गेले. लेक परतली नाही. बर्फवाला म्हणतो, "येईल हो." याला काय माहीत. वकीलबाईंनी पेनाचं टोपण तीनदा लावलं आणि काढलं. मी दर मिनिटाला दाराशी जाऊन येते आहे आणि डॉक्टरांचा दाखला आता खोटा ठरायची वेळ आली आहे.

कलम आठ. तो आला. ही हकिगत मृत्युपत्रात बसत असो वा नसो, मी लिहिणार.

केस पांढरे झाले आहेत. दारातून तिरकाच आत आला, बसला नाही. नकलेचा कागद घडी घालून हातात होता. माझ्याकडे न बघता वकीलबाईंना म्हणाला, "सही कुठे करायची?"

वकीलबाई म्हणाल्या, "विचार करा. सही केलीत तर रीळ मिळणार नाही."

"रीळ बाजारात मिळतं," तो म्हणाला. "या कागदात तिने चूक कबूल केलीय ना? त्याच्याखाली माझी सही पाहिजे."

मग माझ्याकडे वळला. "ताई, आता चकत्या मोजल्यास?"

"दोनदा."

"सात?"

"सात."

"मग पहाटे साडेचारला ये. उशीर केलास तर थांबणार नाही."

मी कलम सात आडवी रेघ मारून रद्द केलं आहे आणि शेजारी सही केली आहे. माझ्या मरणाची वाट बघायची गरज उरली नाही, कारण रीळ मी आत्ताच त्याच्या हातात दिलं. वकीलबाई म्हणतात, जिवंतपणी दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही. नको नको म्हणत होता, पण हातात आल्याबरोबर डोळे मिटून हँडल फिरवायला लागला.

वरील सर्व मजकूर मी स्वखुशीने, म्हणजे फारच खुशीत, लिहिला आहे. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करावं लागलं तर लेकीने पुन्हा आठवण करावी.

ठिकाण: दुकान, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: सात, शनिवार, दुपारी पावणेचार.
सही: रीळबाई.

आम्हा दोघांसमोर रीळबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार एक: बर्फवाला. मजकूर वाचलेला नाही, सही करताना बघितलं.

साक्षीदार दोन: धाकटा भाऊ, बोटवाला. कलम सहा दोनदा वाचलं. खरं आहे.