हवेच्या पाइपावरचा हार

दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ. जेसल पार्क.

घोडबंदरच्या चढावर आज भरल्या ट्रकने दम सोडला. पाय पूर्ण दाबला तरी ओढ नाही, मागे काळा धूर आणि टर्बोची शिट्टी बंद. डिझेल फिल्टर पाहिला, पाइपांच्या क्लिपा पाहिल्या, सगळं ठीक. काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा कमी पडतेय, हे सुचायला मला तासभर का लागला? केबिनमागे चढून इंजिनाला हवा देणारा उभा पाइप बघितला, तर त्याच्या टोपीच्या फटींत झेंडूचा लगदा.

काल पूजेचा हार बाबांनीच तिथे बांधला होता. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आता मोतीबिंदूमुळे चाचपडत गाठ मारत होता. मी खाली उभा राहून नुसता बघत होतो. थांबवायला जीभ रेटली नाही.

घरी येताच त्यांनी विचारलं, "उशीर का रे?"

"डिझेलमध्ये कचरा आला होता, बाबा."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तिथे चिकटलेली झेंडूची पाकळी त्यांच्या बोटांना लागली. ती त्यांनी नाकाशी धरली.

जेवताना हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी हार आरशाला बांधू."