पाळणाघरासाठी वर केलेले हात

१४ जानेवारी
कौन्सिल गावाचा नवा प्लॅन करते आहे. बालिनामोनाला काय काय हवं ते आम्ही लोकांनीच सांगायचं म्हणे. फादर डेव्हनींनी मिस्साच्या प्रार्थनेनंतर जाहीर केलं. अर्धं चर्च पेंगत होतं. मी जागी होते.
गावाला पाळणाघर हवं. बाकीचं बघता येईल.
मागे कोलम आला होता तेव्हा म्हणाला होता, आई, परत यायचं फार मनात आहे गं, पण आम्हा दोघांनाही नोकरी करावी लागणार आणि इथे साधं पाळणाघर नाही, पोरं ठेवायची कुठे? मी म्हटलं, माझ्याकडे. त्यावर टेगन नुसती हसली. सून पर्थची आहे, हसायला तिला कारण लागत नाही. पण पोरगा खोटं बोलला नाही. पाळणाघर झालं की निघतीलच ती. कोलम सुतार आहे, त्याला कामाला तोटा नाही.
हे मी गावासाठी करते आहे. माझा काडीचा स्वार्थ नाही. लिहून ठेवलेलं बरं.

१५ जानेवारी
जागा ठरवली. बंद पडलेली दूध डेअरी. माझ्या घरासमोरच आहे हा योगायोग.

२३ जानेवारी
फिलोमीनाला सांगितलं. तिचं दुकान चौकात आहे आणि तोंडही चौकातच असतं. म्हणाली, अट्रॅक्टा, गावात पोरं आहेत कुठे? शाळेत एका बाकावर एक बसतं. मी म्हटलं, आधी खुराडं बांधायचं असतं, मग कोंबड्या येतात. म्हणाली, तुझी कोंबडी ऑस्ट्रेलियात अंडी घालते आहे. मी साखर न घेताच निघून आले. चहा तसाच प्यायले. वाईट लागतो.

१ फेब्रुवारी, रविवार
कोलमचा फोन. नातवाचा, फिनचा, पुढचा दात पडला म्हणे. तिकडच्या फरशा कठीण असतात, पोरं आपटणारच. इथे गवत आहे. त्याला पाळणाघराचं सांगितलं. म्हणाला, वा, छान आहे आई, आणि फोन ठेवला. आनंदाने शब्द फुटेना बिचाऱ्याला.

१२ फेब्रुवारी
माळ्यावरचा पाळणा उतरवून घासला. फिनला पुरेल अजून वर्षभर. त्याची बहीण आयला तर त्याहून धाकटी.

१९ फेब्रुवारी
आज हॉलमध्ये मीटिंग. चहा आणि हॅमचे सँडविच होते म्हणून गर्दी. डब्लिनहून सोर्खा नावाची पोरगी आली होती, प्लॅन तीच करणार. चष्मा लावते, सज्जन दिसते. कौन्सिलर गार्विनने आधी अर्धा तास गाडीतळाविषयी भाषण केलं. त्याच्या मेव्हण्याची जागा आहे, त्याला गाडीतळच दिसणार. मी उठून म्हटलं, मिस्टर गार्विन, गाड्यांना आया नसतात, बसा खाली. टाळ्या पडल्या.
मग सोर्खाने विचारलं, कुणाकुणाच्या घरी लहान मुलं आहेत? हात वर करा आणि किती ते बोटांनी दाखवा. मी सगळ्यात आधी दोन बोटं वर केली. चर्चच्या दारात उभी राहून बाकीच्या बायकांना परदेशातली नातवंडंही मोजायला मी सांगूनच ठेवलं होतं, पण खरं तर सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे पोरगं परदेशी गेलं म्हणून घरातून कमी होत नाही. त्याची खोली त्याचीच राहते. केट मॉलीने टोरोंटोचे तीन दाखवले. नोरीन हिग्गिन्सने सिडनीचा एक, आणि बॉस्टनला जो अजून जन्मला नाही तोही. शेवटी फिलोमीनानेही हात वर केला. माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या कॅल्गरीच्या मुलीच्या लग्नाला दहा वर्षं झाली, मूल नाही.
सोर्खा मोजता मोजता लाल झाली. म्हणाली, इतकी मुलं असलेलं छोटं गाव मी पाहिलंच नाही!
पाळणाघर झालंच म्हणायचं.

११ मार्च
सोर्खा घरोघर फिरते आहे. मुलांना प्रत्यक्ष बघायचंय म्हणे. माझ्याकडे आली. पाळणा दाखवला, गाद्या दाखवल्या. म्हणाली, मुलं कुठायत? मी म्हटलं, बाहेर गेलीत. हे काही खोटं नाही. सोडा ब्रेड दिला, खाल्ला तिने. मग केटकडे गेली. तिचीही बाहेर. नोरीनचीही बाहेर.
दुपारी तिला गाडीत बसलेलं पाहिलं. चष्मा काढून डोळे पुसत होती. शहरातल्या पोरींना आमचा वारा सोसत नाही.

१२ मार्च
फादर डेव्हनी घरी आले. म्हणाले, अट्रॅक्टा, तिला सगळं कळलं आहे. ती रागावली नाही, पण नसलेल्या मुलांसाठी पाळणाघर बांधता येत नाही. मी म्हटलं, फादर, न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवा असं तुम्हीच दर रविवारी सांगता. चहा न पिता गेले.

२० मार्च
आता गंमत. सोर्खा फिलोमीनाच्या दुकानात पेन घ्यायला गेली तर वरच्या मजल्यावर पोर रडत होतं. वर रोझांजेला राहते, ब्राझीलची. गावाखालच्या मटणाच्या कारखान्यात कामाला आहे. तिची दोन. शेजारच्या खोलीत आणखी तीन. कापडाच्या जुन्या दुकानावर किती तरी. आया पहाटे कामावर जातात, बाप रात्रपाळी करून येऊन झोपतात, पोरं आळीपाळीने कुणाच्या तरी मांडीवर. त्यांना मीटिंगला कुणी बोलावलंच नव्हतं. बोलावण्याचं काम माझ्याकडे होतं. मी बोलावते कशी? ती पोरं गावातली आहेत हे मला सुचलंच नाही.
फिलोमीना म्हणाली, माझ्याच डोक्यावर नाचत होती गं, आणि मी आपली कॅल्गरीकडे बघत बसले.
पाळणाघर पुन्हा प्लॅनमध्ये आलं. डेअरीतच. मी जिंकले.

३ सप्टेंबर, पुढचं वर्ष
सरकारी काम, पण झालं. आज उघडलं. फीत कापायला गार्विन, जसं काही त्यानेच विटा वाहिल्या. रोझांजेलाने केक आणला, खूप गोड. तिची धाकटी माझ्या पायाला धरून उभी राहिली. मी सोडवलं नाही, गुडघा दुखत होता म्हणून.
पाळणाघराच्या बाईंना सांगून दोन जागा राखून ठेवायला लावल्या. फिन आणि आयला. त्या म्हणाल्या, जन्मतारखा? मी म्हटलं, मुलाला विचारून सांगते.

५ सप्टेंबर, रविवार
कोलमला फोन लावला. म्हटलं, झालं रे पाळणाघर, जागा धरून ठेवल्यात, तारखा तेवढ्या सांग. मागचा टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, आई, फिन आठ वर्षांचा आहे. आयला सहाची. शाळेत जातात दोघं.
मी म्हटलं, ते मला माहीत आहे.
म्हणाला, आम्ही इथे घर घेतोय. तुला सांगणारच होतो.
मी म्हटलं, चांगलं केलंस. छप्पर नीट बघून घे.

७ सप्टेंबर
पाळणाघरात जाऊन सांगून आले, त्या दोन जागा दुसऱ्या कुणाला द्या. दुपारच्या आत गेल्या.

१२ सप्टेंबर, रविवार
कोलमचा फोन आला नाही. मीही लावला नाही. काय सांगणार.
पाळणाघर नव्हतं तेच बरं होतं. तोवर तो पाळणाघर नाही म्हणून येत नव्हता.